मुद्देमाल

इन्सुलीच्या नाक्यावर एकवीस वर्षं
मी गाड्यांच्या डिक्क्या उघडल्या.
स्टेपनीच्या पोटात रम,
काजूच्या पोत्यात रम,
एकदा तर सत्यनारायणाच्या चौरंगाखाली
केळीच्या खुंटांना बांधलेल्या अकरा बाटल्या.
पंचनामा, सील, वितळत्या लाखेचा वास, सही.
चव?
चवीचा रकाना फॉर्ममध्ये नव्हता.

निवृत्तीला दीड वर्ष झालं
आणि आज मांद्र्याच्या किनाऱ्यावर
चुडतांच्या छपराखाली मी आणि हेमलता.
हे आजचं तिसरं दुकान.
"दुकान नव्हे, टिकी बार," ती म्हणते.
पाटी तिनं वाचली,
मी फक्त लायसन्स कुठं टांगलंय ते पाहिलं.
(टांगलंय. गल्ल्यामागे. मुदत मार्चअखेर.)

दारात लाकडी देव, दात विचकलेला,
कुठल्याशा लांबच्या समुद्रातला म्हणे,
पण कोरलाय कुडाळच्या कुणा सुतारानं, फणसाच्या लाकडात,
आणि त्याला ठाऊक असलेला एकच तसला चेहरा
पटाशीतून उतरलाय.
"हा संकासूर इथं काय करतोय?" हेमलता विचारते,
आणि विचारता विचारता चप्पल काढते.

पहिल्या बारात, हणजुण्याला,
करवंटीतून काहीतरी निळं आलं.
निळं म्हणजे पिऊ नये,
हे आम्हाला ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी शिकवलेलं.
मी बघत राहिलो, बर्फ विरेपर्यंत.
कागदी छत्री तेवढी खिशात घातली, नातीसाठी.

दुसऱ्यात, आश्व्याला, कार्डावर लिहिलं होतं झॉम्बी.
मी वाचलं झोंबी,
आणि तसंच झालं: तीन जातींच्या रम
एकाच ग्लासात, एकमेकींच्या मानेवर.
रुझार नावाचा तिथला पोरगा म्हणाला,
"एका माणसाला दोनच, साहेब. तिसरी मागशात तरी नाही."
दारूचा नियम मला दुसऱ्या कुणी सांगावा,
असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं.
'साहेब' तो सगळ्यांनाच म्हणत असेल.
पण बघत होता माझ्या हातांकडे.

आणि आता ही तिसरी.
अननसाचा रस, नारळाचं दूध,
वरून पोरीनं किसणीवर जायफळ किसलं
तर जीभ थेट पाडव्याच्या पंगतीत जाऊन बसली,
श्रीखंडाची वाट बघत.
मग श्रीखंडाच्या मागून, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी,
ती आली.
काकवीची, ओल्या लाकडाच्या धुराची.
मी ओळखली.

ऑफिसमागे खड्डा होता.
वर्षातून दोनदा, पंचांसमक्ष,
बाटलीमागून बाटली त्यात रिकामी व्हायची.
माती फेसाळायची.
मुंग्या रांगेनं यायच्या
आणि परतताना रांग मोडलेली असायची.
"मुद्देमाल ओतून नष्ट केला," एवढं लिहून मी घरी.
वास मात्र नष्ट व्हायचा नाही,
गणवेशात बसून माझ्याबरोबर यायचा.
शेजारच्या परबीणबाई खिडकी लावून घ्यायच्या.
थेंब न घेता मी सावंतवाडीत
सात वर्षं बेवडा होतो.

हेमलतानं लिंबूसोडा बाजूला सारला,
माझा पेला उचलला.
प्यायली नाही. नाकाजवळ धरला,
डोळे मिटून, फोडणी जळली का बघावी तसा.
"ही नव्हे," ती म्हणाली.
"ही गोड आहे. तुमच्या शर्टांना यायची ती करपट होती.
गणपतीच्या आधी ओतायचात ना, ती."
मग समुद्राकडे बघत,
"ते शर्ट मी लगेच भिजवायची नाही.
रात्रभर दोरीवर तसेच ठेवायची."

मी काहीच बोललो नाही.
काय बोलणार? तपास माझा होता.

तिनं पोरीला हाक मारली,
"बाळ, ह्याहून करपट काही आहे का गं?"
पोरीनं स्टुलावर चढून वरच्या फळीवरनं
धुळीतली एक बाटली काढली, पदरानं पुसावी तशी
टीशर्टच्या टोकानं पुसली, आमच्यापुढे ठेवली.
माझा हात आपसूक सीलकडे गेला,
नंबर ताडायला.

"राहू दे हो," हेमलता म्हणाली,
"उघडू दे तिला."