हातचा

डंडी. चौथा मजला. खाली टे नदी,
आणि वारा असा, की खिडकीची काच अधूनमधून दात वाजवते.
आज एकमेकांचे खेळ खेळून पाहायचे.
मॅकअल्पाइन बाईंचा नियम फळ्यावर ठळक:
ज्याचा खेळ, त्यानं तोंड उघडायचं नाही.
समजवायचं नाही, सावरायचं नाही,
"अरे तसं नव्हे" म्हणायचं नाही.
पिवळ्या चिठ्ठीवर आवडलं ते. गुलाबीवर अडलं ते.

माझा खेळ लिंबू-चमचा.
चमचा लाकडी, जुन्या वस्तूंच्या दुकानातला, चाळीस पेन्सचा.
दांड्याला निळ्या टेपनं बांधलेला सेन्सर
सेकंदाला पन्नासदा विचारतो, किती कललास?
आणि पडद्यावरचं लिंबू त्या हिशेबानं डुगडुगतं.
शाळेत, फक्कीच्या रेघांमध्ये, मी ही शर्यत कधीच जिंकले नाही.
इथे नियम माझे.

रोना म्हणाली, लिंबू का? आम्ही अंडं घेऊन पळायचो.
मी गप्प.
एफुआ पळाली आणि वायरनं तिला मागे खेचलं.
"वायर आखूड," गुलाबीवर.
दीड मीटर वायर, दहा पावलांची शर्यत;
हा हिशेब तीन आठवडे मला दिसला नव्हता.
बाकी पिवळ्या: मस्त. मस्त. लिंबू गोड आहे.

मग स्ट्रुअन.
त्याचा हात थरथरतो. चहाचा कप तो अर्धाच भरतो,
हे सगळ्यांना ठाऊक, आणि सगळे तेव्हा दुसरीकडे पाहतात.
त्यानं चमचा उचलला. लिंबू पडलं.
उचलला. पडलं.
सात वेळा, पहिलं पाऊल टाकायच्या आत.
मग तो बसला आणि बराच वेळ लिहीत राहिला,
वाऱ्यात सापडलेल्या मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं:
"शर्यत कशी आहे ते मला सांगता येणार नाही.
चमचा हातातच धरायचा का?"

आमच्याकडे मुळात तो दातांत धरतात.
हात पाठीमागे.
मीच हातात आणला, स्वच्छतेच्या नावाखाली.
आणि आता माझ्याच दातांत चमचा,
त्यावर लिंबू,
बोललं की पडणार.

त्याच्या खेळाला मी काय लिहिलं होतं?
उशीत दाबाचा सेन्सर, पडद्यावर अंडी उबवणारी कोंबडी,
आपण अलगद बसायचं.
पिवळ्यावर लिहिलं, "छान."
गुलाबी कोरी.
हातचं राखून.
वाटलं होतं, ही माया.

रात्री कोड उघडला.
एक ओळ: उंबरठा, चार अंश.
कुठून आले हे चार?
एका दुपारी, जेवून, हीटरशेजारी,
मी स्वतः चमचा धरून उभी राहिले होते.
जो आकडा आला तो लिहून टाकला,
जणू माणसांचे हात एवढेच हलतात.

आता खेळ आधी दहा सेकंद काही मागत नाही.
नुसता ऐकतो, हा हात थांबतो तेव्हा कसा थांबतो.
ती थरथर बाजूला लिहून ठेवतो, हातच्यासारखी,
आणि मग मोजायला लागतो.
पहिल्यांदा चुकलं, लिंबू छताला चिकटलं.
दुसऱ्यांदा पडेचना.
तिसऱ्यांदा, पहाटे दोनला, जरा शहाण्यासारखं वागलं.
वायरही चार मीटर केली.

झोपण्याआधी गुलाबी चिठ्ठी काढली:
"कोंबडी कधी रागावते ते मला कळलं नाही.
मी दोनदा अंडी फोडली, ती तशीच हसत होती."
सकाळी त्याच्या टेबलावर चिकटवली
आणि पळून आले.

मंगळवारी तो आला.
दहा सेकंद उभा राहिला, पडद्याकडे संशयानं पाहत.
मग एक पाऊल. चार. सहा.
वळणावर घाई केली, आणि लिंबू
टप्प.

"हरलो," म्हणाला, एवढ्या मोठ्यानं की रोनानं मान वळवली.
"ही चूक माझी होती. दिसली ना?"
मी मान हलवली. तोंड मिटलेलंच.
तो चमचा घेऊन रेघेवर परत चालला होता.