रुमालाखाली

बारशात आत्यानं तिच्या कानात कुर्र केलं,
आत्याच्या पाठीत धपाटे बसले, बायका हसल्या,
आणि ते नाव तिथंच, कानाच्या दारात
चप्पल काढून बसून राहिलं.
आत गेलंच नाही.

कळायला दीड वर्ष लागलं आम्हाला.
दिवाळीत लवंगी माळ फुटली, कुत्रं पलंगाखाली गेलं,
सुप्रभा पणतीकडं बघत बसली होती.

मिरजेच्या शिबिरात पहिलं मशीन मिळालं.
हरभऱ्याएवढा सेल, आठवड्याला एक.
शिट्टी मारायचं ते, कुकरसारखं;
शिट्टी आम्हाला ऐकू यायची, तिला नाही.
मार्केट यार्डात आली की हमालांचा कालवा,
टेम्पोचे हॉर्न, सगळं एकाच पोत्यात भरून
तिच्या डोक्यात ओतायचं.
ती मशीन काढून माझ्या खिशात टाकायची,
मी हळदीच्या हातानं सांभाळायचो.
अजून पिवळं आहे ते, कपाटात.

मी अडत्याच्या पेढीवर, तोलाईला.
वडीलही तिथंच. त्यांच्या वेळचा सौदा
मुक्यानं चालायचा:
हातावर रुमाल, रुमालाखाली बोटं.
एक दाबलं तर एवढं, मूठ धरली तर तेवढं,
वर चेहरा दगडाचा.
चार माणसं खेटून उभी, कुणाला पत्ता नाही.
मला शिकवलं होतं त्यांनी, पोरखेळ म्हणून.
पुढं बोली मोठ्यानं व्हायला लागली
आणि बोटं विसरली.
असं मला वाटायचं.

सुप्रभा शाळेतून खुणा शिकून आली.
तिथं पोरांनी तिला दुसरं नाव दिलं:
भुवईवर व्रण आहे, त्यावर एक बोट टेकवायचं.
एवढंच नाव. कुर्र नाही, काही नाही.
मलाही दिलं: अंगठ्यावर तर्जनी घासायची,
हळकुंड पारखतो तशी.
महिनाभर मी स्वतःलाच हाक मारत फिरलो.

मग मोबाइलमध्ये ते आलं, बोललं की लिहिणारं.
मी म्हणालो, "जेवलीस न्हवं गं?"
त्यानं लिहिलं, "जे ओलीस नवं गं."
मी म्हणालो, "लई दमलोय बग आज."
"लाई दम लोय बाग आज."
सुप्रभा पोट धरून हसली.
त्याला आमची भाषा कुठली यायला,
कुठल्या तरी इस्त्रीच्या शाळेत शिकलेलं असणार.
त्या चुका तिनं वहीत उतरवून ठेवल्यात, तारखेसकट.

महापुराच्या साली आम्ही तिघं गच्चीवर.
लाईट कधीच गेलेली. मोबाइल विझला
तेव्हा अंधार असा, की खुणाही बुडाल्या.
लांब होडीवरचा भोंगा सांगत होता
आयर्विन पुलापाशी किती फूट झालं.
मला ऐकू येत होतं.
तिला नुसतं पाणी, तेही वासानं.
तिनं माझी बाही ओढली. पुन्हा ओढली.
अंगावर ओली चादर होती,
तिच्याखाली मी तिचा हात धरला
आणि वडिलांची बोटं आपोआप चालायला लागली.
चार. मग सगळा पंजा.
पंचेचाळीस.
ती थांबली. माझा हात उलटा केला,
चार, मग पंजा, परत दिले मला,
सुटे पैसे मोजून द्यावेत तसे.
रात्रभर फुटाफुटानं भाव चढत गेला.
तिची आई विचारायची, काय चाललंय तुमचं?
पहाटे मी एक बोट कमी दाबलं.
आमच्यात सगळ्यात आधी तीच झोपली.

आता नाशकात नोकरी करते, नकाशे काढायची.
रोज रात्री व्हिडिओ कॉल.
परवा विचारलं, पगार किती वाढला?
तिनं हसत हातावर रुमाल टाकला,
आत बोटं हलली.
पडद्यावर नुसतं कापड, वर-खाली.
मी फोन जवळ घेतला, चष्मा पुसला,
काचेवर बोट दाबून बघितलं.
काच गार.

दर काही कळला नाही.
रविवारी येणार आहे, तेव्हा हातात सांगेल.