खुणेचे दगड

शेवटच्या दिवशी सकाळी सातलाच ऊन
नान्नजच्या माळावर पाय रोवून उभं.
तेवीस टोप्या, एकवीस मुलं;
उरलेल्या दोन कुणाच्या, कुणीच सांगेना.

माळढोक दिसला नाही. दहा दिवसांत एकदाही नाही.
नागमणी चिट्यालच्या वहीत तरी त्याचं पान आहे:
वर नाव, खाली तारखा,
आणि प्रत्येक तारखेपुढे, आज पण नाही.

टिटवीची अंडी मात्र आमची. चार.
उघड्यावर, खड्यांत खडे होऊन पडलेली.
कुणाचा पाय पडू नये म्हणून मुजम्मिलनं
पहिल्याच दिवशी भोवती दगडांचं रिंगण केलं होतं.

आज तोच म्हणाला,
सर, आपण गेल्यावर हे दगड
मुंगसाला पत्ता सांगतील की.

मग एकेकानं एकेक दगड उचलला,
लांब नेऊन ठेवला. फेकला कुणीच नाही.
टिटवी डोक्यावर ओरडत होती,
दहा दिवस ओरडली तशीच.
आमचं काही कौतुक नव्हतं तिला.

अकराला टेम्पो.
जुळे सोलापूर, विडी घरकुल, साखर पेठ,
सॉक्समध्ये कुसळं घेऊन उतरत गेली मुलं.
नागमणीची आई म्हणाली, किती काळवंडलीस गं,
आणि मागाच्या खटखटीत तिचं उत्तर
मला काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी पाण्याचे ड्रम आणायला
एकटाच परत गेलो.
अंडी शोधली.
इथंच होती. की त्या हिवराच्या अलीकडे?

टिटवी ओरडली
आणि मी होतो तिथंच थांबलो,
एक पाय उचललेला.