चौथा सिलेंडर

चारी प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडले.
तीन विटकरी, कोरडे.
चौथा काळा, ओलसर,
मिश्री लावलेल्या दातासारखा.

गेज लावला. श्रीहरीला म्हटलं, मार सेल्फ.
एकशे सत्तर. एकशे पासष्ट. एकशे सत्तर.
चौथ्यात काटा एकशे दहावर बसला
आणि तिथून उठेना.
चमचाभर ऑइल सोडून पुन्हा पाहिलं : एकशे चाळीस.
म्हणजे व्हॉल्व शाबूत, रिंगा गेलेल्या.

"गेल्यात बे रिंगा."
"म्हणून तर आणलंय, मशाकचाचा,"
म्हणत त्यानं डिकी उघडली.

निळी बाटली.
पुण्याहून एसटीच्या पार्सलनं आलेली,
चादरीत गुंडाळलेली. चादर इथलीच,
आमच्याच अक्कलकोट रोडवरच्या कारखान्याचा शिक्का,
पुणं बघून परत आली होती.

हा गॅस मला माहीत आहे.
सिव्हिलमध्ये आपाचं हाड बसवताना हाच हुंगवला होता.
शुद्धीवर येताना ती हसत होती,
कशाला, ते तिला पुढं कधीच सांगता आलं नाही.

मी म्हटलं, यात ताकद नसते, पोरा.
हा नुसता श्वास. उसना.
पेट्रोल जास्त जळतं, एवढंच,
आणि जळायचं कुणी?
ह्या म्हातारीनंच.

एमएच तेरा, पांढरी एस्टीम.
मीटर तीन लाख बारा हजारांवर थांबलेला,
त्यापुढचं मल्लिकार्जुनाला ठाऊक.
सोलापूर–हैद्राबाद, टॉवेलचे गठ्ठे आणि माणसं,
परतीला माणसं आणि मोत्यांच्या पुड्या.
नरसय्यानं काटा कधी साठाच्या वर नेला नाही.
ॲव्हरेज पडतं म्हणायचा.
बावीस वर्षं.

तो बाहेर टायरवर बसला होता.
काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले, कान ठेवले.
"बापाला एकदा तरी..." श्रीहरी म्हणाला
आणि पाना पुसत राहिला.

मग मी हात घातला.
सगळ्यात बारीक जेट.
टायमिंग दोन डिग्री मागं.
प्लग एक नंबर थंड.
बाहेर त्रेचाळीस. बाटलीतलं प्रेशर चढू नये म्हणून
तिच्यावर ओला टॉवेल टाकला,
दर तासाला उठून भिजवला,
ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला करतात तसा.
बिलात लेबर लिहिलं नाही.
एवढ्या वर्षांत हे पहिलंच काम,
जे बिघडणार हे ठाऊक असून नीट केलं.

पहाटे साडेपाच. बोरामणीचा माळ.
रस्त्यावर एक कुत्रं होतं, तेही बाजूला झालं.
पुढच्या सीटवर नरसय्या,
तळहात डॅशबोर्डवर, नाडी बघावी तसा.
मागं मी, मांडीत बाटलीचा व्हॉल्व.
तिसरा गिअर.
पाय तळाला.
बटण.

लूमचा सैल पट्टा कुणीतरी एकदम ताणला
आणि धोटा दिसायचा बंद झाला,
नुसता आवाज, एकसंध,
ज्यात गठ्ठे नव्हते, भाडं नव्हतं, साठ नव्हतं.
माझी पाठ सीटला चिकटली.
नरसय्यानं डॅशबोर्डवरचा हात उचलला,
कुठं ठेवायचा ते त्याला कळेना,
हवेतच धरून राहिला.

चार सेकंद.
फार तर पाच.

मग ठण्ण.
मागं निळा धूर, लांबलचक,
आणि इंजिन लंगडायला लागलं.

"चौथा गेला," नरसय्या म्हणाला.
डोळस माणूस घड्याळ बघून वेळ सांगतो तसा.
मुळेगाव येईपर्यंत तीन सिलेंडरवर,
अंग हलवत, कुणी काही बोललं नाही.
श्रीहरीचे कान लाल झाले होते.

चहाच्या टपरीशी थांबलो.
बशीत चहा ओतता ओतता म्हाताऱ्यानं विचारलं,
"काटा कितीवर गेला होता रे?"

पोराची नजर रस्त्यावर होती.
माझी बाटलीवर.
आम्ही एकमेकांकडं पाहिलं.

"टॅपेटपण वाजतोय,"
तोच म्हणाला मग,
आणि बशी तोंडाला लावली.