पत्रकातलं झाड

कोपनहेगनहून खोका आला. चारशे पत्रकं.
गुळगुळीत कागद, त्यावर एक माणूस
झाडाखालून पळतोय, गालांवर तकाकी,
खाली लिहिलंय: आठवड्याला इतकेच ग्लास.

ग्रीनलँडच्या या टोकाला झाड नाही.
पळतात ती कुत्री, तीही स्लेज मागे असेल तर.
आणि ग्लास कोण मोजतो?
शुक्रवारी कारखान्यात माशांचे पैसे मिळतात,
शनिवारी सकाळी पायऱ्यांवरच्या बर्फात
डबे रुतलेले दिसतात.
तेवढीच मोजदाद.

तीन आठवडे वाटली मी पत्रकं.
इनूतेकने त्यावर ठेवून आमिष कापलं.
मी रागावले नाही. त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं,
गळ घुसल्याच्या खुणा, काही वाळलेल्या, काही ओल्या.
"ही कधीची?"
"सोमवारची."
मग दोर गुंडाळता गुंडाळता,
"हीपण सोमवारचीच."

त्या रात्री दवाखान्याच्या टेबलावर
मी एकही ग्लास नसलेला कागद केला.
दोनच रकाने:
सोमवारी किती गळ गुंतले,
रविवारी कुत्र्यांना किती वाजता खायला घातलं.
भाषा आमची. चित्रं माझ्या भाचीची, पिपालुकची,
तिची कुत्री जरा सीलसारखी दिसतात.

सहा आठवड्यांसाठी आलेला डॉक्टर म्हणाला,
हे शास्त्रात बसत नाही.
म्हटलं, बसेल. थोडं सरकून घ्या.

सूर्य परतला त्या आठवड्यात
इनूतेकने कागद आणून दिला, घडी घातलेला,
माशाचा वास येणारा.
एक्केचाळीस. अडतीस. बावीस. नऊ.
मग एक सोमवार कोरा.
मग साठ.
मी काहीच बोलले नाही. तोच म्हणाला,
"साठ खोडू नकोस. नऊ खरे होते
हे कळायला साठ लागतात."

म्हातारा कालेराक लिहीत नाही.
तो दारात उभा राहून सांगतो आणि जातो:
"दुपारी दोन." "अंधार पडल्यावर."
काल म्हणाला, "सकाळी,"
आणि जरा जास्त वेळ उभा राहिला.

माझ्या वडिलांचा रकाना मी मनात भरून पाहिला.
तिथं वेळ कायम सकाळची आली असती.
कारण शनिवार-रविवार कुत्र्यांना
आम्ही मुलीच घालायचो, बूट न वाजवता,
म्हणजे त्यांना वाटावं, आपणच घातलं.

शाळेत मी ही गोष्ट सांगितली नाही. कागद तेवढा दाखवला.
पिपालुकने हात वर केला:
"तिसरा रकाना पाहिजे ना?
कुणी खायला घातलं?"

आता तो आहे.

तीनशेवर पत्रकं उरलीत.
काही खिडकीच्या फटीत कोंबली,
वारा थोडा कमी येतो.
एक मात्र मुलांनी वर्गात लावलंय, झाडासाठी.
खरं झाड कुणी पाहिलेलं नाही,
म्हणून त्या माणसाच्या हाताला त्यांनी
स्लेजचा दोर काढून दिलाय.