उजवी बाजू रुंद

शापोऱ्याच्या जेटीवर
इनास घडीचा चाकू उघडून बघतो:
धारेचा उजवा पट्टा तांदळाएवढा रुंद,
डावा केसाएवढा.
जाळ्याची दोरी कापताना पातं तिरकं पळतं.

नातीचा काळा मार्कर मागून
दोन्ही पट्टे रंगवले,
दगडावर एकेक हात फिरवला.
डावीकडची शाई साफ.
उजवीकडे वरवरची गेली,
ऐन धारेवरची तशीच.

दगड सपाट, पाणी पुरेसं.
मग?

मग मनगट बघितलं.
ट्रॉलरच्या तारेत सापडलेलं,
डॉक्टरांनी ‘बरं झालं’ म्हणून सोडलेलं.
उजवी बाजू आली की जरा कलंडतं.

इतकी वर्षं शिव्या चाकूला.

पात्याच्या पाठीखाली
पाचाचं जाड नाणं सरकवून
तो पुन्हा घासायला बसतो.
नात हात पुढे करते.
‘थांब गो,’ म्हणतो,
‘अजून लागेल.’