चिंच लावायची नाही

मुर्तझाशेठनी पुडकं उघडलं. आत लोकर,
लोकरीत फडकं, फडक्यात तो:
तळहाताएवढा, भाकरीच्या उंड्यासारखा जड,
ब्राँझचा.
"चमकव," म्हणाले. "शुक्रवारी गिऱ्हाईक येतंय दोह्याहून."

मत्रहच्या सुकात दुपारी एकला शटरं पडतात.
लोबानाचा वास तेवढा आत कोंडून राहतो,
आणि मी, पुण्याच्या तांबट आळीतला माणूस,
दिव्याखाली.

चेहरा बाजूनं. टोपी नाही, केस विंचरलेले,
जणू फोटो काढायला बसवला होता.
फ्रायहेर एगॉन फॉन टाल्केनाऊ,
आपल्याकडचा जहागीरदार म्हणा.
मागच्या बाजूला घोडा, बिनस्वाराचा,
मान वळवून बघणारा.
कडेवर बारीक आकडा: चाळिसातला अकरावा.
शेठच्या आजेसासऱ्यांनी झांजिबार सोडताना
शिवणयंत्राच्या खोक्यात हाताला लागेल ते कोंबलं,
त्यात हाही आला. कुणाचा गहाण, किती रुपयांत,
सांगणारं माणूस उरलं नाही.

शेठचा भाचा हॅम्बुर्गला शिकतो.
त्यानं फोनवर अक्षरं लावून दाखवली:
पडला, १९१६, पूर्व आफ्रिकेत.
मी विचारलं, कुठून पडला?
तो हसला. मग माझं मलाच उमगलं,
धारातीर्थी.

आमचा दिगू सोहारला पडला तो परांचीवरून,
चौथ्या मजल्याच्या,
जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना.
त्याच्या कागदावर तो शब्द नव्हता.
"कामादरम्यान" असं काहीतरी, अरबीत,
आणि खाली माझी सही, हललेली.

असो.

चिंच भिजत घातली होती वाटीत.
आम्ही ठोकणारे, मठारणारे; हंडा, घंगाळ, बंब.
ओतीव काम ओताऱ्यांचं. त्यांच्या कामाला
वडील नावं ठेवायचे: हातोडा लागत नाही तर
माणूस कुठे लागला त्याला?
भिंग धरलं, आधी काळं कुठे दाट आहे बघावं म्हणून.
घोड्याच्या मागच्या खुरापाशी, जमिनीत,
रेषा होत्या.
वाटलं ओरखडे. मग वाटलं, गवत कोरलंय.
अंगठा होता.

मेण मऊ असताना कुणीतरी दाबून धरलेला,
घाईत असेल, किंवा साचा घसरत असेल.
मेण वितळून गेलं, धातू आला,
अंगठा तिथेच राहिला,
जहागीरदाराच्या नाकाहून स्पष्ट.
बाकीच्या एकोणचाळिसांवर नसेल.
कुणाचा, ते लिहिलेलं नाही. लढाईचे दिवस,
तोही पुढच्या वर्षी पडला असेल कुठेतरी,
किंवा म्हातारा होऊन खोकत मेला असेल भट्टीपाशी.
एवढं मात्र दिसत होतं की अंगठ्याला आडवी चीर होती,
भाजल्याची. तशी मलाही आहे.

"चिंच लावायची नाही, शेठ," मी म्हटलं.
"का?"
"काळेपण गेलं तर निम्मी किंमत जाते."
खोटं नव्हतं ते. दोह्याला फोन झाला,
तिकडूनही तेच आलं, शेठ खूश.
"तुला कळतं यातलं," म्हणाले,
आणि खजुरांचा डबा पुढे सरकवला.

शुक्रवारी गिऱ्हाईक आलं, पांढरी कंदुरा,
स्वतःचे कापडी हातमोजे घेऊन.
चेहरा पाहिला. आकडा पाहिला. घोड्याला म्हणाला, छान.
मी भिंग खिशातच ठेवलं.
हातमोज्यातनं नीट तोलता येईना,
तेव्हा उजव्या हाताचा काढून त्यानं पदक पेललं,
आणि त्याचा अंगठा आपोआप
त्या खुरापाशी जाऊन बसला.
जाणारच. वजन तिकडेच आहे.

वाटीतली चिंच वाया गेली नाही.
पहिल्याच रात्री आमटीत घातली, गूळ टाकून.
खोलीवरच्या तिघांनी पुन्हा पुन्हा घेतली.